व्हायरल झालेला गेम मागे घ्यायचा तर नेमकं काय काय करावं लागतं?

पूर्णाकाठ

तालुक्याच्या गावी बसून मोबाइल गेम बनवणारी पोरं आता वऱ्हाडातही आहेत आणि झाडीपट्टीतही. गोडो किंवा युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, एक बरा लॅपटॉप आणि प्ले कन्सोलचे (गूगलच्या ॲप दुकानात ॲप टाकायच्या खात्याचे) एकदाच भरायचे २५ डॉलर, एवढ्यावर काम सुरू होतं. गेम चालला नाही तर काय करायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण एखाद्या रीलमुळे तो चार दिवसांत लाखो फोनांत जाऊन बसला, आणि बनवणाऱ्यालाच तो नकोसा झाला, तर? त्यासाठी हा धागा. ज्यांना ज्यातलं नक्की माहीत आहे त्यांनी तेवढंच लिहावं.

सगळ्यात ठळक उदाहरण फ्लॅपी बर्डचं. व्हिएतनाममधल्या हनोईच्या डोंग न्गुयेनने तो एकट्याने बनवला. २४ मे २०१३ ला आयफोनवर आला आणि सात-आठ महिने कुणी विचारलंही नाही. जानेवारी २०१४ च्या मध्यात अमेरिकेच्या ॲप स्टोअरवर मोफत ॲपमध्ये पहिला झाला. अँड्रॉइडवर तर तो ३० जानेवारीला आला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याने एका मुलाखतीत जाहिरातींतून दिवसाला ५०,००० डॉलरपर्यंत मिळतात असं सांगितलं. ८ फेब्रुवारीला त्याने ट्विटरवर लिहिलं की २२ तासांनी गेम काढतोय, हे आता सहन होत नाही. आणि काढला. म्हणजे अँड्रॉइडच्या दुकानात तो जेमतेम दहा दिवस होता. तोवर डाउनलोड ५ कोटींच्या घरात गेले होते.

कारण त्यानेच नंतर सांगितलं. दोन मिनिटं विरंगुळा म्हणून केलेला गेम लोकांना सुटेनासा झाला होता. शाळेतल्या पोरांनी त्यापायी फोन फोडले, आई लेकरांशी बोलेनाशी झाली, अशी पत्रं त्याला येत होती. वर पत्रकारांचा पिच्छा आणि धमक्या. कायदेशीर भानगडीमुळे काढत नाही, हेही त्याने स्पष्ट केलं होतं.

मला या गोष्टीतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दुकानातून काढल्यावर गेम संपला नाही. ज्यांच्या फोनात होता त्यांच्या फोनात राहिला, जाहिराती दिसत राहिल्या, पैसे येत राहिले. नकली गेमांचा पूर आला. त्यातल्या काही अँड्रॉइड नकलांमध्ये महागडे एसएमएस गुपचूप पाठवणारा कोड होता, हे ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने त्याच महिन्यात दाखवून दिलं. आणि दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, ते नावसुद्धा त्याच्याकडे उरलं नाही. नावाबद्दल कुणी जाणकाराने खाली लिहावं.

तेव्हा माझं म्हणणं असं, की गेम काढायचा पूर्ण हक्क बनवणाऱ्याला आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण काढायच्या बटणाआधी जाहिरात, सर्व्हर, नाव, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि ॲपवर सही करायच्या चाव्या यांची सोय लावलीच पाहिजे. ती न लावता बटण दाबलं तर गेम फोनांमध्ये चालूच राहतो आणि आपल्या हातात काहीच उरत नाही.

कास्तकारपुत्र

भाऊ, एक सांगा. दुकानातून काढलं तरी ज्याच्या फोनात हाय त्याच्या फोनात राह्यते म्हनता. मंग काढून फायदा काय? अन् त्याईच्या फोनातल्या जाहिराती बंद कशा करायच्या? आपल्याइकडचे पोट्टे एका फोनातून दुसऱ्या फोनात शेअर करून खेळतेत, त्याईचं काय?

सातपुडा_पायथा

@कास्तकारपुत्र, प्रश्न बरोबर जागी आहे. आधी दुकानाचं सांगतो, मग फोनाचं.

प्ले कन्सोलमध्ये ॲप उघडा. 'टेस्ट अँड रिलीज'खाली 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज', त्यात 'ॲप अव्हेलेबिलिटी', तिथे 'अनपब्लिश'. मेनूच्या जागा बदलत असतात, सापडलं नाही तर कन्सोलच्या शोधपट्टीत 'ॲडव्हान्स्ड' टाका. अनपब्लिश केल्यावर नव्या माणसाला गेम सापडत नाही. जुन्याकडे तो चालतो आणि त्याला अपडेटही मिळू शकतं. पूर्ण डिलीट फक्त ज्या ॲपचं एकही इन्स्टॉल झालेलं नाही त्याचंच होतं. पॅकेजचं नाव कायमचं अडकलं, दुसऱ्या ॲपला वापरता येत नाही. पुढे मन बदललं तर त्याच जागी पुन्हा पब्लिश करता येतं.

आयफोनवर ॲप स्टोअर कनेक्टमध्ये 'प्रायसिंग अँड अव्हेलेबिलिटी'मधून विक्रीतून काढता येतं. तिथे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. सभासदत्व संपू दिलं तरी ॲप दुकानातून जातं, पण तो रस्ता धरू नका. हिशेबाचे अहवाल उतरवून घ्यायच्या आधी दार बंद होतं.

आता फोनातला गेम. यासाठी गेममध्ये आधीपासून दुरून बंद करता येणारी कळ असावी लागते. गूगलच्या फायरबेस सेवेतलं रिमोट कॉन्फिग मोफत आहे, त्यातून गेमच्या सेटिंग दुरून बदलता येतात. त्यात निदान तीन किंमती (व्हॅल्यू) ठेवा: जाहिरात चालू की बंद, गुणफलक चालू की बंद, आणि सुरुवातीच्या पडद्यावर दाखवायचा संदेश. गेम उघडला की तो या किंमती आणतो. इथे दोन ठिकाणी चुकतं. एक, नव्या किंमती डीफॉल्टने १२ तासांत एकदाच आणल्या जातात, त्यामुळे 'बंद केलं तरी जाहिरात दिसते' म्हणून लगेच घाबरू नका. दोन, किंमत आणणं (फेच) आणि ती लागू करणं (ॲक्टिव्हेट) या वेगळ्या पायऱ्या आहेत. फेच केलं आणि ॲक्टिव्हेट करायचं राहून गेलं तर काहीच बदलत नाही. नेट नसेल तर शेवटची लागू झालेली किंमत चालते, म्हणून आतल्या डीफॉल्ट किंमतीही विचार करून द्या.

ही कळ पहिल्या आवृत्तीत नसेल तर क्रम असा ठेवा. आधी कळ असलेलं अपडेट काढा. टप्प्याटप्प्याने सोडा, ५ टक्के, २० टक्के, मग सगळ्यांना, म्हणजे काही फुटलं तर मध्येच थांबवता येतं. त्यानंतर थांबा. अनेक फोनांत अपडेट फक्त वायफायवर घ्यायचं असं ठरलेलं असतं, आणि आपल्या भागात कित्येकांचा फोन महिनोन् महिने वायफायला लागत नाही. कन्सोलमध्ये कोणती आवृत्ती किती फोनांत आहे ते दिसतं. बहुतेक फोन नव्या आवृत्तीवर आले की मग कळ फिरवा, आणि शेवटी अनपब्लिश. उलटं केलं तर जुनी आवृत्ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्या फोनात तुमची जाहिरात चालूच राहणार.

शेअर करून घेतलेल्या फाइलवर तुमचा ताबा फार कमी. फाइल तुमचीच, न फोडलेली असेल तर रिमोट कॉन्फिग तिच्यावरही चालतं. कुणी फोडून स्वतःचा जाहिरात कोड घातला असेल तर नाही.

पांढरं_सोनं

वरच्या सगळ्याशी सहमत, पण अनपब्लिश हा शेवटचा उपाय मानावा असं माझं स्पष्ट मत आहे. गेम दुकानातून गेला की शोधणारे थांबत नाहीत, ते नकलेकडे जातात. फ्लॅपी बर्डच्या वेळी हेच झालं. खरा गेम दुकानात, जाहिराती बंद करून, गप्प ठेवला तर निदान शोधणाऱ्याला खरा मिळतो.

त्रास लोकांच्या व्यसनाचा असेल तर गेममध्येच विश्रांती घाला. न्गुयेनने नंतर म्हटलंच होतं की फ्लॅपी बर्ड पुन्हा आणला तर त्यात 'थोडं थांबा' अशी सूचना देईन. समजा सलग २० मिनिटं झाली की पडदा थांबवायचा. ही वेळ फोनाच्या घड्याळावरून मोजू नका, पोरं सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ पुढे सरकवतात. अँड्रॉइडमध्ये 'इलॅप्स्ड रिअलटाइम' घ्या, ते फोन सुरू झाल्यापासूनची वेळ मोजतं आणि तारीख बदलली तरी हलत नाही. फोन बंद करून चालू केला तर शून्यावर येतं, तेवढी पळवाट राहू द्या. 'पुन्हा खेळा'चं बटण हरल्याबरोबर त्याच जागी येऊ देऊ नका. दोन सेकंद उशिरा आणि दुसऱ्या कोपऱ्यात दाखवलं की अंगठा आपोआप पडत नाही. हरल्यावर लगेच येणारी पूर्ण पडद्याची जाहिरात काढा. लोकांचा राग तिथूनच सुरू होतो.

त्रास गर्दीचा असेल तर कन्सोलमध्ये देश कमी करा. एखाद्या देशातून काढलं तर तिथल्या नव्या लोकांनाच मिळत नाही, बाकी ठिकाणी चालू राहतं.

वैनगंगा

सर्व्हरवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. गेम नकोसा होण्याचं निम्मं कारण सर्व्हरच असतो.

फायरस्टोअर या फायरबेसच्या ऑनलाइन डेटाबेसच्या मोफत योजनेत दिवसाला ५०,००० वाचनं आणि २०,००० लेखनं मिळतात. ऐकायला खूप वाटतं. आता समजा शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, गेम आहे, आणि प्रत्येक शर्यत संपली की पहिल्या १०० जोड्यांची यादी दाखवता. यादीतली प्रत्येक नोंद डेटाबेसात वेगळं डॉक्युमेंट असेल तर एका शर्यतीला १०० वाचनं. ५०० शर्यतींत दिवसाचा कोटा संपला. व्हायरल गेममध्ये ५०० शर्यती मिनिटात होतात. मग गुणफलक रिकामा दिसतो आणि एक तारा देणारे रिव्ह्यू सुरू होतात.

बरेच जण घाबरून पैसे भरायच्या ब्लेझ योजनेत जातात आणि 'बजेट अलर्ट' लावून निश्चिंत होतात. बजेट अलर्ट फक्त मेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. हे पक्कं लक्षात ठेवा.

उपाय साधा आहे. पहिल्या १०० ची यादी एकाच डॉक्युमेंटमध्ये ठेवा आणि ती दर पाच-दहा मिनिटांनी सर्व्हरवरच नव्याने बनवा. मग एका शर्यतीला एकच वाचन होतं. फोनातही ती दहा मिनिटं साठवून ठेवा. त्याहून सोपं म्हणजे गूगलच्या प्ले गेम्सचा तयार लीडरबोर्ड (गुणफलक), त्याचा भार आपल्यावर नसतो.

मागे हटताना सर्व्हर एकदम बंद करू नका. गेम उघडताच सर्व्हरला विचारत असेल आणि उत्तर आलं नाही, तर कित्येक गेम पांढऱ्या पडद्यावर अडकतात. आधी गुणफलकाची कळ बंद करा, गेम नेटशिवाय चालतो की नाही ते विमान मोड लावून तपासा, मगच डेटाबेस काढा. लोकांची नावं, मेल साठवले असतील तर ते खरोखर पुसा. उगाच 'पुढे लागेल' म्हणून ठेवू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे, आणि असे गेम खेळणारे बहुतेक तेच.

आणि डोमेन! गोपनीयता धोरणाचं पान आणि ॲप-ॲड्सची फाइल (तुमच्या ॲपमधली जाहिरात कोण विकू शकतो याची यादी) ज्या डोमेनवर आहे ते सुटू देऊ नका. तुम्ही नूतनीकरण केलं नाही तर दुसरा कुणी ते घेईल. गेमच्या आत 'बातम्या' म्हणून त्या डोमेनचं पान उघडत असेल, तर लाखो फोनांत तो पाहिजे ते दाखवेल. शेवटच्या अपडेटमध्ये असे सगळे दुवे काढूनच टाका.

कास्तकारपुत्र

हे समजलं, ताई. आता पैशाचं कोनी सांगा. गावातल्या बँकेत डॉलर येते का? अन् टॅक्स किती कटते?

झाडीबोली

कटत नाही, आपल्याला भरावा लागतो. तिथेच पोरं फसतात. खात्यात पूर्ण रक्कम दिसते, त्यातून ट्रॅक्टरचा हप्ता नाहीतर घराचा स्लॅब होतो आणि मार्चमध्ये कर भरायला पैसे नसतात. आलेल्या रकमेतली एक तृतीयांश पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि तिला हात लावू नका.

क्रमाने सांगते. ॲडमॉबची, म्हणजे गूगलच्या ॲपमधल्या जाहिरात सेवेची, कमाई १० डॉलर झाली की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो. तो साध्या टपालाने येतो, म्हणून पत्त्यात गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड नीट लिहा, आणि पोस्टमनकाकांना सांगून ठेवा. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती थांबतात. व्हायरल झालेल्या गेमला हे सगळं एका आठवड्यात अंगावर येतं. खात्यावरचं नाव, बँकेतलं नाव आणि पॅनवरचं नाव अक्षरशः एक असू द्या.

रक्कम १०० डॉलर झाली की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेदरम्यान पाठवली जाते. ती परदेशातून येते, त्यामुळे बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा कोड) लागतो. गावच्या सहकारी किंवा ग्रामीण बँकेच्या शाखेत बहुधा ही सोय थेट नसते. परकीय चलनाचं काम करणारी शाखा असलेल्या मोठ्या बँकेत खातं उघडा; शाखा तालुक्याची चालेल, पण नागपूर किंवा अमरावतीच्या कोणत्या शाखेचा स्विफ्ट कोड द्यायचा हे लेखी विचारून घ्या. पैसे कशाचे हे बँक विचारते. जाहिरात सेवेचे, असं सांगा. प्रत्येक रकमेचा परकीय रकमेचा दाखला मागून ठेवा, पुढे जीएसटी आणि प्राप्तिकर दोन्हींना तो लागतो.

जीएसटी: सेवांची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. वर गेली तर नोंदणी करा आणि लगेच एलयूटी (निर्यातीचं हमीपत्र) भरा. सेवेची निर्यात शून्य दराची असते, एलयूटी असेल तर कर न भरता चालते. नसेल तर आधी कर भरून परतावा मागत बसावं लागतं. गेममध्ये वस्तू विकत असाल तर भारतातल्या विक्रीचा हिशेब वेगळा आहे, त्यासाठी सीएसमोर बसाच.

प्राप्तिकर: वर्षाचा कर १०,००० रुपयांवर जाणार असेल तर आगाऊ कर लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत पूर्ण. गेम जानेवारीत व्हायरल झाला आणि धंद्याचं उत्पन्न आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, तर आधीच्या हप्त्यांच्या तुटीवर व्याज लागत नाही, पण मार्चचा हप्ता चुकवू नका.

आणखी एक, आपल्या भागासाठी खास. गेमचे पैसे शेतीच्या उत्पन्नात दाखवा असा सल्ला देणारे भेटतात. अजिबात ऐकू नका. दाखला परदेशी रकमेचा आहे, सातबारा त्याला लागू होत नाही. उलट तुमच्या नावावर खरंच शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल, तर ते करमुक्त असलं तरी बाकीच्या उत्पन्नाचा कर ठरवताना मोजलं जातं.

मागे हटताना ॲडमॉबचं खातं घाईने बंद करू नका. चुकीच्या क्लिकची वजावट नंतर होते, जुन्या फोनांतली कमाई अजून येत असते. जाहिराती बंद करा, शेवटचा हप्ता खात्यात येऊ द्या, सगळे अहवाल उतरवून घ्या, मग बंद करा.

सातपुडा_पायथा

झाडीबोली ताईंच्या चुकीच्या क्लिकच्या मुद्द्याला जोडून. अचानक गर्दी वाढली की ॲडमॉब बरेचदा जाहिराती दाखवायची मर्यादा घालतं. मित्रमंडळी 'आपल्या भावाचा गेम' म्हणून मुद्दाम जाहिरातींवर दाबत बसतात, त्याने खातंच जाऊ शकतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेमची लिंक टाकताना हे स्पष्ट लिहा. स्वतः तपासताना कायम चाचणीचे जाहिरात आयडी वापरा.

लोणार_विवर

नावाबद्दल विचारलं आहे, म्हणून.

फ्लॅपी बर्डचं झालं ते असं. वर्षानुवर्षे नाव वापरात नव्हतं. अमेरिकेत दुसऱ्या कंपनीने ट्रेडमार्क कार्यालयापुढे दावा केला की हे नाव सोडून दिलेलं आहे. न्गुयेनकडून उत्तर गेलं नाही आणि २०२४ मध्ये हक्क गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या नावाने नवा गेम जाहीर झाला, त्याचा क्रिप्टोशी संबंध निघाला, तेव्हा न्गुयेनला लिहावं लागलं की माझा याच्याशी संबंध नाही, मी काही विकलेलं नाही आणि मी क्रिप्टोला पाठिंबा देत नाही.

आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ४७ मध्ये अशीच तरतूद आहे. नोंदणीनंतर सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने नाव वापरलं नाही तर कुणीही ते काढून टाकायचा अर्ज करू शकतो. म्हणून पांढरं_सोनं म्हणतात तसा गेम दुकानात गप्प ठेवण्याला हाही फायदा आहे: नाव वापरात राहतं. अर्ज टीएम-ए फॉर्मवर ऑनलाइन करायचा, एका व्यक्तीला वस्तू-सेवांच्या प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये. गेमसाठी वर्ग ९, आणि ऑनलाइन खेळवत असाल तर ४१. नोंदणी दहा वर्षांची. कार्यालयाकडून नोटीस आली की मुदतीत उत्तर द्या, मेल उघडायचा कंटाळा केला की हक्क जातो.

नाव ठेवतानाच काळजी घ्या. वैनगंगा ताईंच्या उदाहरणातला गेम नुसता 'शंकरपट' नावाने काढला तर ते नाव कुणालाही अडवता येणार नाही, कारण ते त्या शर्यतीचंच नाव आहे. बैलजोडीला स्वतः रचलेलं वेगळं नाव द्या आणि ते नोंदवा.

नकलेविरुद्ध काय चालतं? खेळायची पद्धत, म्हणजे टॅप केलं की पक्षी उडतो ही कल्पना, कुणाच्या मालकीची होत नाही. तुमची चित्रं, आवाज, कोड यांवर मात्र बनवल्याक्षणी कॉपीराइट असतो. जसंच्या तसं उचललेलं दिसलं तर गूगलच्या कॉपीराइट तक्रारीच्या फॉर्मवर दोन्हींचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून, मूळ फाइलींच्या तारखांसह तक्रार करा. नुसतं 'माझा गेम चोरला' लिहिलं तर तक्रार पुढे सरकत नाही.

आणि पैजेबद्दल. व्हायरल गेमच्या मालकाला हमखास प्रस्ताव येतो की यात पैसे लावून खेळायची सोय घालू, तुला हिस्सा देऊ. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, त्यांची जाहिरात आणि त्यांचे व्यवहार, सगळ्यावर बंदी आहे. गेम कौशल्याचा आहे म्हणून सुटका होत नाही. असा प्रस्ताव देणाऱ्याला गेम हस्तांतरित करणंही टाळा.

पांढरं_सोनं

सोडून जाण्याचे आणखी दोन रस्ते आहेत, तेही मांडतो.

एक विकण्याचा. वर्डल हा शब्दांचा खेळ जॉश वॉर्डलने ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांसमोर आणला आणि जानेवारी २०२२ च्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सला विकला. एकट्याने सांभाळायचा ताण झाला होता, हे त्याने सांगितलं. खेळणाऱ्यांचा खेळ चालू राहिला.

दुसरा खुला करण्याचा. २०४८ हा आकड्यांचा खेळ गॅब्रिएले चिरुल्लीने मार्च २०१४ मध्ये, १९ व्या वर्षी, एमआयटी परवान्याखाली (कुणीही वापरा, बदला असा परवाना) कोडसकट खुला टाकला. त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या, पण ते त्याने मान्य करूनच दिलेलं होतं, म्हणून त्याला कुणामागे धावावं लागलं नाही. ज्याला पैसा नको आणि ओझंही नको, त्याला मी हाच रस्ता सुचवेन.

पूर्णाकाठ

विकण्याबद्दल सावध करतो. बारकोड वाचणारं एक ॲप एक कोटीहून जास्त फोनांत होतं. विक्रीच्या व्यवहारानंतर डिसेंबर २०२० मध्ये त्याचं एक अपडेट आलं आणि फोनांत आपोआप जाहिरातींची पानं उघडायला लागली. मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये ते उघड केलं. लोकांनी विश्वासाने घेतलेलं ॲप एका अपडेटमध्ये विषारी झालं. गेम घेणारा कोण, त्याच्या आधीच्या ॲपचे अलीकडचे रिव्ह्यू काय म्हणतात, हे पाहिल्याशिवाय एक पाऊल टाकू नका.

विकायचंच असेल तर प्ले कन्सोलमधून ॲपचं रीतसर हस्तांतरण करा. घेणाऱ्याच्या खात्याच्या नोंदणी शुल्काचा व्यवहार क्रमांक लागतो. इन्स्टॉल, रिव्ह्यू, आकडे सगळं ॲपसोबत घेणाऱ्याकडे जातं. 'भाऊ, तुमचं पूर्ण खातंच विकत द्या' किंवा 'पंधरा दिवस ॲडमिन करा' म्हणणाऱ्याला थेट नकार. उद्या त्या खात्यातून जे निघेल ते तुमच्या नावावर आणि तुमच्या ओळखपत्रावर निघेल. हस्तांतरणाआधी रिमोट कॉन्फिग, डेटाबेस आणि जाहिरातीचे आयडी वेगळे करा, आणि लोकांची माहिती करारात लिहिल्याशिवाय देऊ नका.

सातपुडा_पायथा

खुला करणाऱ्यांसाठी. कोड टाकण्याआधी त्यातून जाहिरातीचे आयडी, फायरबेसची फाइल आणि कीस्टोअर (ॲपवर सही करायच्या चावीची फाइल) काढा. शेवटच्या कमिटमध्ये (साठवलेल्या बदलात) डिलीट केलं म्हणजे गेलं असं नाही, कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटच्या इतिहासात ते तसंच असतं. सोपा उपाय म्हणजे स्वच्छ फोल्डर घेऊन गिटमध्ये नवा रिपॉझिटरी (कोडचा साठा) सुरू करा, जुना इतिहास देऊच नका. विकत घेतलेली चित्रं, आवाज, फॉन्ट तुमचे नसतात, ते वाटता येत नाहीत. त्यांच्या जागी स्वतःचं घाला.

कीस्टोअर मात्र स्वतःजवळ जपा. प्ले ॲप सायनिंगमुळे मुख्य चावी गूगलकडे असते आणि आपल्याकडची अपलोड चावी हरवली तर नवी मागता येते. पण ती मागायला खात्यात शिरता आलं पाहिजे. ज्या सिमवर ओटीपी येतो ते सिम रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा.

कास्तकारपुत्र

शेवटचं एक. पोट्टा १६ वर्साचा असन तर? खातं कोनाच्या नावानं?

झाडीबोली

प्ले कन्सोल आणि ॲडमॉब दोन्हींना १८ पूर्ण लागतात. तोवर खातं आई किंवा वडिलांच्या नावाने, पहिल्या दिवसापासून, खरी जन्मतारीख टाकून. मुलाने वय खोटं टाकून उघडलेलं खातं ओळख तपासताना अडकतं, आणि ती तपासणी नेमकी पैसे यायला लागल्यावर होते. साधारणपणे अल्पवयीन मुलाचं उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवतात, पण त्याने स्वतःच्या कौशल्याने कमावलेलं त्याला अपवाद आहे. मात्र खातं आणि बँक दोन्ही वडिलांच्या नावाने असतील तर हे कागदावर कसं मांडायचं, ते सीएकडून वर्ष संपायच्या आत ठरवून घ्या. मुलगा १८ चा झाला की त्याच्या नावाने नवं खातं काढून ॲप हस्तांतरित करता येतं.

वैनगंगा

लोकांना कसं सांगायचं हे राहिलंच. गेमच्या सुरुवातीच्या पडद्यावर निदान दोन आठवडे आधी, मराठीत आणि इंग्रजीत: कधीपासून नवा मिळणार नाही, आहे त्यांच्याकडे चालेल की नाही, गुणफलक कधी बंद होईल, माहिती पुसायची असेल तर कुठे लिहायचं. दुकानाच्या वर्णनातही तेच. २२ तासांची मुदत देऊ नका. त्या बातमीनेच शेवटच्या दिवशी डाउनलोड आणखी वाढतात. जाहिराती बंद केलेल्या असतील तर त्या गर्दीने निदान सर्व्हरच तेवढा दमेल, आणि त्याचा उपाय वर दिला आहेच.

संपर्कासाठी वेगळा मेल काढा. विकासकाचं नाव, देश आणि मेल दुकानात सगळ्यांना दिसतो. गेममध्ये वस्तू विकत असाल तर पूर्ण पत्ताही दिसतो. वैयक्तिक फोन नंबर कुठेही देऊ नका. रिव्ह्यूला उत्तर ३५० अक्षरांतच देता येतं, म्हणून एकच नीट मजकूर तयार ठेवा आणि तोच वापरा. शिव्यांना उत्तर देऊ नका. धमकी आली तर स्क्रीनशॉट, दुवा आणि वेळ जपून सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा. आर्थिक फसवणूक असेल तर १९३० वर लगेच फोन.